कारागृह अभ्यागत मंडळाचं वर्ष : विदर्भातल्या सदस्यांसाठी कामाची रीत

कारागृहाची पाहणी करून शेरे देणाऱ्या अभ्यागत मंडळावर नेमणूक झाल्याचं पत्र आलं की बरेच सदस्य पहिली भेट पाहुण्यासारखी देतात. अधीक्षकांच्या खोलीत चहा, बराकींवरून एक फेरी, स्वयंपाकघरात वरणाची चव, आणि निघताना भेटवहीत एक ओळ : 'व्यवस्था समाधानकारक आढळली.' या ओळीचा कुणालाच उपयोग नसतो. अधीक्षकांनाही नसतो, कारण गळक्या छतासाठी ते बांधकाम खात्याशी दोन वर्षं पत्रव्यवहार करत असतात आणि मंडळाच्या नेमक्या शेऱ्याने त्यांच्याच पत्राला वजन आलं असतं. फेरीत दिसतं ते बहुतेक आधी झाडलेलं असतं. खरी तपासणी होते ती एका वहीतला आकडा दुसऱ्या वहीतल्या आकड्याशी, आणि दोन्ही आकडे समोरच्या माणसांशी ताडून पाहिल्यावर. खालची रीत अकोला, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, बुलढाणा अशा जिल्हा कारागृहांचे अशासकीय सदस्य डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. नागपूर आणि अमरावतीची मध्यवर्ती कारागृहं आकाराने मोठी, पण तपासायचा क्रम तोच.

अधिकार कुठून येतो आणि कुठे संपतो

कारागृह अधिनियम, १८९४ च्या कलम १२ मध्ये अधीक्षकाने कोणत्या वह्या ठेवायच्या ते सांगितलं आहे. दाखल बंद्यांची वही, सुटकेच्या तारखांची वही, शिक्षावही, बंद्यांकडून जमा केलेल्या पैशांची व वस्तूंची नोंद, आणि अभ्यागतांच्या निरीक्षणांची भेटवही. म्हणजे तुमचा शेरा कायद्याने ठेवलेल्या वहीत जातो. अभ्यागत नेमण्याचे नियम करण्याचा अधिकार कलम ५९ ने राज्य सरकारला दिला आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेप्रमाणे मंडळाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आरोग्य, बांधकाम, शिक्षण, समाजकल्याण, कृषी या खात्यांचे अधिकारी शासकीय सदस्य. विधानसभा सदस्य, राज्य मानवी हक्क आयोगाचा प्रतिनिधी आणि जिल्ह्यातले सामाजिक कार्यकर्ते हे अशासकीय.

आता या रचनेतली अडचण उघड बोलायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये १९८२ पासून कारागृहांसाठी वेगळा मुख्य निरीक्षक आहे, आणि तुरुंग चालवणाऱ्या यंत्रणेशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे अर्धं मंडळ शासकीय, आणि ज्या पोलिसांनी बंदी आणून सोडला त्यांचेच प्रमुख मंडळात. तेव्हा स्वतंत्रपणा कामाच्या सवयीतून आणावा लागतो. भेटीची तारीख स्वतः ठरवायची, कुणाशी बोलायचं ते स्वतः निवडायचं, आणि शेऱ्याची प्रत स्वतःजवळ ठेवायची. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतला ८४ वा नियम हेच सांगतो : निरीक्षकाला सगळ्या नोंदी पाहता याव्यात, न कळवता भेट देता यावी, बंद्याशी एकांतात बोलता यावं. त्याची एक छापील प्रत फाईलमध्ये पहिल्याच पानावर लावून ठेवा.

जे करायचं नाही तेही तितकंच स्पष्ट असू द्या. कर्मचाऱ्यांना आदेश द्यायचे नाहीत. बंद्याची चिठ्ठी, निरोप किंवा पैसे बाहेर न्यायचे नाहीत की आत आणायचे नाहीत, मग तो निरोप 'आईला सांगा बरा आहे' एवढाच का असेना. नात्यातला, गावकीतला किंवा आपल्या प्रकरणाशी संबंध असलेला बंदी असेल, तर त्याची चौकशी दुसऱ्या सदस्याकडे सोपवायची. तालुक्याच्या ठिकाणी सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे हा प्रसंग येतोच. एखादी चिठ्ठी बाहेर नेल्याचं उघड झालं की त्या सदस्याच्या आधीच्या सगळ्या शेऱ्यांवर पाणी पडतं.

वर्षाची आखणी

मंडळाची बैठक तिमाहीत किमान एकदा. त्याखेरीज अशासकीय सदस्यांनी पाळी लावून दर महिन्याला एक भेट द्यावी. बारा भेटींपैकी तीन-चार न कळवता, आणि त्यांतली किमान एक बंदी झाल्यानंतर म्हणजे बराकींना कुलूप लागल्यावर. दिवसा जी बराक मोकळी दिसते तिथे रात्री पाय ठेवायला जागा नसते.

विदर्भात महिन्यांचं वाटप हवामानाप्रमाणे करावं. मार्चच्या शेवटी पाणी आणि छत. मे महिन्यात उष्णता. जुलै-ऑगस्टमध्ये गळती, त्वचारोग, डास, ताप. दिवाळीच्या आत दुरुस्त्यांची यादी पूर्ण करून बांधकाम खात्याकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचलेली हवी, कारण जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यात ठरतो आणि फेब्रुवारीत पोचलेली यादी पुढच्या वर्षावर जाते. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं. आमदार सदस्यांना एका पानाचं टिपण द्यायचं ते त्याआधी. जानेवारी-फेब्रुवारीत वार्षिक अहवाल.

वर्षाच्या सुरुवातीला अध्यक्षांच्या सहीने अधीक्षकांना एक पत्र द्या. त्यात सदस्यांची नावं आणि सोबत येणाऱ्या साहित्याची यादी लिहा : ५ मीटरचा टेप, तापमान व आर्द्रता दाखवणारा मापक, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), ओ.टी. टेस्टची (पाण्यातलं क्लोरिन तपासायची) बाटली, ५ किलोपर्यंतचा काटा, वही. मोबाईल लाल गेटवर जमा होतो, त्याबद्दल वाद घालू नये. साहित्याची परवानगी आधी नसेल तर न कळवता दिलेली भेट गेटवरच अडते, आणि 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणेपर्यंत आत झाडलोट होऊन जाते.

भेटीच्या दिवसाचा क्रम

पहिलं काम गेटवर. आजची एकूण संख्या उतरवून घ्या : पुरुष, महिला, आईसोबतची मुलं, न्यायाधीन, सिद्धदोष, दवाखान्यात बाहेर गेलेले, पेशीला गेलेले. मान्य क्षमता किती तेही. देशभरात ३१ डिसेंबर २०२२ ला ५,७३,२२० बंदी होते, क्षमतेच्या १३१.४ टक्के, आणि त्यांतले ७५.८ टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. तुमच्या कारागृहाचे हे दोन आकडे दर भेटीला एकाच तक्त्यात लिहीत गेलात तर वर्षाअखेरीला आलेख आपोआप तयार होतो. गेटवरची संख्या हाताशी असली की पुढचा प्रत्येक हिशेब तिच्याशी ताडता येतो.

त्यानंतर थेट स्वयंपाकघर. कार्यालय शेवटी.

स्वयंपाकघर : चव घेऊन काही कळत नाही

भेटीच्या दिवशी वरण घट्टच असतं. म्हणून शिजलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा तपासा. भिंतीवर माणशी शिध्याचा तक्ता लावलेला असायला हवा, नसेल तर तीच पहिली नोंद. उदाहरणादाखल, तक्त्यात डाळ माणशी ९० ग्रॅम असेल आणि त्या दिवशी ३१० बंदी असतील, तर कोठीतून २७.९ किलो डाळ निघाली असली पाहिजे. कोठीच्या वहीत किती निघाल्याचं लिहिलंय ते पाहा, मग आजचा न शिजलेला वाटा काट्यावर ठेवा. त्यानंतर मागच्या महिन्यातले कोणतेही तीन दिवस निवडून त्या दिवसांची बंदीसंख्या आणि कोठीतला उठाव यांचा भागाकार करा. रोज डोक्यामागे अगदी सारखाच आकडा आला तर समाधान मानू नका. पेशीला आणि दवाखान्यात जाणाऱ्यांमुळे जेवणाऱ्यांची संख्या रोज बदलते, आणि तरी भागाकार हलत नसेल तर वही महिन्याच्या शेवटी एकाच बैठकीत भरली जात असावी.

चपात्यांचं वजन दहाच्या चवडीने करा, एका चपातीवरून काही सिद्ध होत नाही. १०० ग्रॅम कणकेच्या भाजलेल्या चपात्या साधारण १३५ ते १४५ ग्रॅम भरतात, त्यावरून माणशी कणीक किती पोचली ते काढता येतं. आणखी एक गोष्ट बघायची ती वाढपाच्या शेवटी. पहिल्या बराकीला डाळ आणि शेवटच्या बराकीला डाळीचं पाणी, हा प्रकार पातेलं न ढवळता वरून वाढल्यामुळे होतो. त्यात चोरी नसते, पण शेवटच्या बराकीतला माणूस महिनोन् महिने पाणीच पितो. उपाय फुकटचा आहे : ढवळून वाढणे, आणि वाढपाचा क्रम रोज फिरवणे.

पाणी

नियमपुस्तिकेत माणशी रोज १३५ लिटरचा साठा धरला आहे. ३१० बंद्यांना म्हणजे ४१,८५० लिटर. टाक्यांची लांबी-रुंदी-उंची मोजून खरी साठवण काढा. टाकीवर रंगवलेला आकडा नवी असतानाचा असतो, तळातला गाळ त्यात धरलेला नसतो.

अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत फ्लोराइड जास्त. भारतीय मानकाप्रमाणे टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतो. फ्लोराइड १ पर्यंत ठीक, १.५ च्या वर नाही. टीडीएस तुमच्या मीटरवर दिसतो, फ्लोराइड आणि नायट्रेट दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, नमुना जिल्हा प्रयोगशाळेत गेला का आणि अहवालाची प्रत कुठे आहे ते विचारा. आर.ओ. यंत्र बसवलं असेल तर ते चालू आहे की नाही यावर थांबू नका. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजा. पडदा खराब झाला की यंत्र सुरू राहतं आणि खारंच पाणी गाळून देतं. ओ.टी. टेस्ट टाकीजवळ न करता सगळ्यांत लांबच्या नळावर करा. तिथे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन मिळालं तर मधली जलवाहिनी ठीक आहे असं धरायला हरकत नाही.

बराक मोजायची कशी

नियमपुस्तिकेतलं माप : बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जमीन, १५.८३ घनमीटर हवा, १.१२ चौरस मीटर खिडकी-झरोका. आतली लांबी-रुंदी घ्या, संडास आणि कट्टे वगळून. समजा बराक १८ बाय ६ मीटर आहे. १०८ चौरस मीटर, म्हणजे २९ माणसांची. रात्री तिथे ५२ झोपत असतील तर माणशी २.०८ चौरस मीटर. जुन्या बराकी उंच असतात, त्यामुळे हवेचा हिशेब बरा दिसतो आणि 'घनफळ पुरेसं आहे' असं उत्तर मिळतं. उंचीवर कुणी झोपत नाही, जमिनीचाच आकडा लिहा. झरोक्यांची बेरीज करताना जाळी, पत्रा किंवा पोतं लावून बंद केलेले झरोके धरू नका. रात्रीच्या वापरासाठी दहा बंद्यांमागे एक संडास, दिवसा सहामागे एक, हे प्रमाण आहे. ५२ जणांना आतमध्ये सहा लागतील. आहेत त्यांतले किती चालू, तेही स्वतः पाणी ओतून बघा.

मे महिन्यातली भेट दुपारी देऊन अर्धंच कळतं. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण सिमेंटचं छत दिवसभर तापून रात्री उष्णता सोडतं आणि तेव्हा माणसं आत कोंडलेली असतात. म्हणून तापमान दोनदा घ्या : कुलूप लागताना आणि रात्री दहाच्या पुढे, माणूस झोपतो त्या उंचीवर. भिंतीवर खुंटीला टांगलेला मापक भिंतीचीच उष्णता दाखवतो. त्याचबरोबर बघायचं : कुलूप लागल्यावर आत प्यायचं पाणी किती उरतं. सायंकाळी भरलेला रांजण ५२ जणांत रात्री अकरालाच कोरडा पडत असेल तर सकाळपर्यंत काय, हा प्रश्न शेऱ्यात लिटरमध्ये लिहा. कूलर कोरड्या हवेत, मेपर्यंत, चांगलं काम करतात. खिडक्या बंद करून कूलर लावला की हवा दमट होऊन उलट गुदमरतं, समोरची खिडकी उघडी हवीच. पाऊस पडला की त्यांचा उपयोग संपतो आणि टाकीत डेंग्यूच्या डासांची पैदास सुरू होते, त्यामुळे आठवड्याला टाकी कोरडी करण्याची नोंद मागा. छताला पांढरा चुन्याचा थर ही स्वस्तातली गोष्ट, मार्चमध्ये व्हायला हवी. मेमध्ये सुचवलं तर तोवर उन्हाळा निघून गेलेला असतो.

दवाखाना

इथे वेळ द्या. दाखल होतानाची वैद्यकीय तपासणी आणि दाखल होण्याची तारीख यांत अंतर किती, हे दहा नावं निवडून पाहा. पहिले तीन दिवस सर्वांत धोक्याचे असतात, आणि आपल्या भागात त्याचं एक कारण दारू. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे, तरी रोज पिणारा माणूस आत येतोच. दारू अचानक तुटली की सहा तासांपासून थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो. रात्री ओरडणाऱ्या, भिंतीशी बोलणाऱ्या नव्या बंद्याला 'नाटक करतो' म्हणून वेगळ्या खोलीत टाकलं तर त्याचा जीव जाऊ शकतो. दाखल तपासणीच्या कागदावर 'रोज किती पितो, शेवटची कधी' हा प्रश्न आहे का ते बघा. नसेल तर तो घालायला सांगणं हा वर्षातला सर्वांत स्वस्त आणि उपयोगी शेरा ठरू शकतो.

दुसरी गोष्ट सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींमधल्या समाजांत हा आजार बराच आहे. पाणी कमी पडलं, ऊन किंवा थंडी लागली की असह्य वेदनांचा झटका येतो. अशा बंद्यांची वेगळी यादी, त्यांचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध खंड न पडता मिळणं, आणि बराकीत त्यांच्यासाठी जादा पाणी, या तीन गोष्टी तपासा. घरून आणलेलं कार्ड आणि गोळ्या गेटवर जमा वस्तूंत पडून राहिल्या असं होतं. जमा वस्तूंची वही आणि दवाखान्याची वही शेजारी ठेवली की सापडतं. क्षयरोगासाठी दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्यांची नावं आणि थुंकी तपासणीच्या तारखा जुळवा. बाहेरच्या रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी झाली पण पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून राहिलं, अशा प्रकरणांची यादी वेगळी करा. हा शेरा पोलीस अधीक्षकांसाठी असतो, ते मंडळातच बसलेले आहेत.

महिला विभागात महिला सदस्यांनीच जावं. सॅनिटरी पॅडचा साठा महिला बंद्यांच्या संख्येशी ताडावा. गरोदर बंद्यांच्या तपासण्यांच्या तारखा पाहाव्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आर. डी. उपाध्याय प्रकरणातल्या निर्देशांप्रमाणे सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. त्याचं दूध-अन्न आईच्या शिध्यातून जातं की वेगळं मिळतं, लसीकरण, अंगणवाडी, हे विचारा.

बंद्यांशी बोलणं

कार्यालयाने पुढे केलेल्या दोघा-तिघांशी नम्रपणे बोला, पण निवड तुमची असू द्या. बराकीच्या यादीतलं प्रत्येक सातवं किंवा अकरावं नाव घ्या. कुणी तक्रार केली म्हणून त्याला बोलावलं असं वाटता कामा नये, म्हणून एका बराकीतून किमान आठ-दहा जणांशी, सगळ्यांशी साधारण सारखाच वेळ. शिपाई दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभा राहावा. नावं भेटवहीत कधीच लिहायची नाहीत, स्वतःच्या वहीत फक्त क्रमांक. आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा जाऊन त्याच माणसांना भेटायचं. बोलल्यामुळे कुणाची बराक बदलली, काम काढून घेतलं, नातेवाइकांची मुलाखत हुकली, तर तेव्हाच कळतं. शिक्षावहीतल्या तारखा तुमच्या भेटीच्या तारखांशी जुळवून बघायची सवय ठेवा.

भाषेची अडचण कमी लेखू नये. मेळघाटातला कोरकू, भामरागडचा माडिया, झाडीपट्टीतला गोंड, कुणाला मराठी पुरेशी समजत नाही आणि तरी 'हो, हो' म्हणून मान हलवतात. दुभाषी म्हणून वॉर्डर बंदी (पहाऱ्याला मदत करणारा बंदी) घेऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकांत ती भाषा येणारं कुणी असतं, त्यांना सोबत न्या. 'काही तक्रार आहे का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं. 'काल रात्री कुठे झोपलात, उशाला काय होतं, संडासला कधी गेलात, शेवटची पेशी कधी झाली, वकील कोण' असं विचारलं की माहिती येते.

तक्रारपेटी बराकीबाहेर आहे, एवढ्यावर शेरा देऊ नये. किल्ली कुणाकडे आणि उघडल्याची तारीख कुठे लिहिली जाते ते पाहा. सुनील बत्रा प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने तक्रारपेट्या ठेवायला आणि जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीशांनी भेटी द्यायला सांगितलं. पेटीची किल्ली कारागृहाच्याच कर्मचाऱ्याकडे असेल तर त्या पेटीत चिठ्ठी टाकणारा वेडाच.

जातीचा मुद्दा वेगळा तपासावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालाने कारागृहातलं जातीवर आधारलेलं कामवाटप घटनाबाह्य ठरवलं, वह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं, आणि विधी सेवा प्राधिकरण व अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासणी करावी असा निर्देश दिला. म्हणजे हे आता तुमचं नेमून दिलेलं काम आहे. कामवाटपाची वही घ्या, संडाससफाई आणि स्वयंपाक या दोन कामांवरची सहा महिन्यांतली माणसं पाहा आणि त्यांच्याशी बोला. जातीचा रकाना काढलेला असला तरी आडनावावरून वाटप चालू राहू शकतं. पारधी समाजातल्या बंद्यांना 'सराईत' म्हणून वेगळं काढलं जातं का, तेही इथेच विचारायचं.

आत अडकलेले : यादीतून माणूस शोधणं

सर्वांत जास्त फरक पडतो तो या कामाने, आणि त्याला फक्त कागद लागतात. अधीक्षकांकडून न्यायाधीन बंद्यांची यादी मागा : दाखल तारीख, कलम, कमाल शिक्षा, पहिलाच गुन्हा की नाही, जामीन आदेशाची तारीख, शेवटच्या पेशीची तारीख. मग तीन चाळण्या लावा.

पहिली, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, किंवा इतरांनी निम्मा, तर जामिनासाठी अधीक्षकांनी स्वतः न्यायालयाला लेखी अर्ज करायचा आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तरी नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, तेव्हा पहिल्या गुन्ह्यात एक वर्ष झालं की नाव यादीत यायला हवं. राहत्या घरातल्या चोरीसारख्या सात वर्षांच्या कलमात दोन वर्षं चार महिने. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद १ जुलै २०२४ पूर्वीच्या, म्हणजे संहिता लागू होण्याआधीच्या, प्रकरणांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. चूक बहुधा 'पहिलाच गुन्हा' या रकान्यात होते. तो कोराच राहतो आणि सगळे निम्म्याच्या हिशेबात मोजले जातात.

दुसरी, जामीन झाला पण सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाप्रमाणे सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. आपल्याकडे अडतं ते सातबारावर. भूमिहीन मजुराला किंवा भटक्या समाजातल्या माणसाला स्वतःचं वावर असलेला जामीनदार आणि तहसीलचा ऐपतीचा दाखला कुठून मिळणार? २०२३ ची केंद्राची गरीब बंदी साहाय्य योजना न्यायाधीन बंद्याला आणि दंडासाठी अडकलेल्या सिद्धदोषाला मदत देते (२०२३ च्या मूळ सूचनांत मर्यादा अनुक्रमे ४०,००० आणि २५,००० रुपये होती). नाव जिल्हा समितीकडे गेलं का, कधी, एवढंच विचारा आणि पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा.

तिसरी, पेशी. न्यायालयाने दिलेल्या तारखा एका रकान्यात, प्रत्यक्ष नेलं किंवा व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) दाखवलं ते दुसऱ्यात. मोकळे रकाने मोजा. हे तिन्ही तक्ते न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीच्या तिमाही बैठकीआधी लोकअभिरक्षक (विधी सेवा प्राधिकरणाचे मोफत वकील) कार्यालयात पोचवा. त्या समितीचे अध्यक्षही जिल्हा न्यायाधीशच असतात, त्यामुळे एकाच टेबलावर दोन्ही कामं होतात.

मुलाखतीची वेळही एकदा एसटीच्या वेळापत्रकाशी ताडा. धारणीहून किंवा एटापल्लीहून निघालेली बाई पोचते तेव्हा नोंदणीची खिडकी बंद झालेली असेल, तर एक तासाने वेळ सरकवण्याची शिफारस अगदी साधी आहे. संचित (फर्लो) आणि अभिवचन (पॅरोल) रजेच्या अर्जांत अर्ज, पोलीस अहवालाची मागणी, अहवाल आणि निर्णय या चार तारखा उतरवा, विलंब कोणत्या टप्प्यावर होतो ते लगेच दिसतं. मोर्शीसारख्या खुल्या कारागृहात मात्र भर शेतीकामाच्या मजुरीवर, अवजारांच्या सुरक्षिततेवर आणि मजुरी खात्यात जमा होण्याच्या तारखेवर द्यावा.

शेरा लिहिणे आणि त्याच्या मागे लागणे

'संडास अपुरे आहेत' असं लिहू नका. लिहा : 'बराक क्र. ३, ५२ बंदी, आतील संडास ४, चालू २. नियमपुस्तिकेप्रमाणे ६ हवेत. चालू नसलेले २ पंधरा दिवसांत दुरुस्त करावेत : कारागृह. जादा २ चं अंदाजपत्रक : सार्वजनिक बांधकाम, पुढील बैठकीपर्यंत.' ठिकाण, मोजमाप, निकष, जबाबदारी, मुदत. एका भेटीत सहा-सातच शेरे. चाळीस लिहिले तर सोपे पाच पूर्ण होतात आणि उरलेल्यांचा विसर पडतो. चांगलं दिसलं तर तेही मोजून लिहा, नाहीतर वही निव्वळ आरोपपत्र होते आणि चांगला अधिकारीही सावध होऊन गप्प बसतो.

प्रत्येक शेऱ्याला क्रमांक द्या आणि तो पूर्ण होईपर्यंत तोच ठेवा. 'कार्यवाही सुरू आहे' हे उत्तर एका बैठकीत चालेल. दुसऱ्यांदा तेच आलं तर पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख मागा. 'पूर्ण' हा शिक्का कागद पाहून मारायचा नाही, तिथे जाऊन नळ उघडून मारायचा.

आत मृत्यू झाला तर २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवणं आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खालची दंडाधिकाऱ्यांची चौकशी बंधनकारक आहे. मंडळाने त्या चौकशीत लुडबुड करू नये. तक्त्यात मात्र शेवटची वैद्यकीय नोंद, रुग्णालयात पाठवल्याची वेळ, नातेवाइकांना कळवल्याची वेळ उतरवून ठेवावी, आणि त्या व्यक्तीच्या बराकीतल्या इतरांशी त्याच आठवड्यात बोलून यावं.

वार्षिक अहवाल पंधरा पानांच्या पुढे नेऊ नका. पहिल्या पानावर चार आकडे : दिलेले शेरे, पूर्ण, अपूर्ण, आणि दोन वर्षांहून जुने अपूर्ण. दुसऱ्या पानावर कलम ४७९ आणि जामिनाच्या यादीतून बाहेर पडलेल्यांची संख्या. मग महिन्यांनुसार बंदीसंख्या, मे महिन्यातली तापमानं, पाण्याचे अहवाल. बंद्यांची नावं, क्रमांक, ओळख पटेल असा तपशील कुठेही नको. छोट्या कारागृहात 'महिला विभागातली एकमेव गरोदर बंदी' एवढ्यानेही ओळख पटते. प्रती अध्यक्ष, कारागृह विभागाचं पुण्याचं मुख्यालय, गृह विभाग, राज्य मानवी हक्क आयोग आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पाठवून पोच घ्या. मुदत संपणाऱ्या सदस्यांनी नव्या सदस्यांच्या हाती शेऱ्यांचा चालू तक्ता, बराकींची मोजमापं, पाण्याचे जुने अहवाल आणि साहित्य परवानगीचं पत्र द्यावं. टीडीएस मीटरची बॅटरी तेवढी नवी घालून.